दाराबाहेर उभा असलेला माणूस

३ ऑगस्ट १९२३. कलकत्त्याच्या शांकारीटोला पोस्टाच्या मागच्या खोलीत पोस्टमास्तर टेबलाशी पैसे मोजत बसले होते. अंगणाकडच्या दारात काही जण आले, त्यांनी पैसे मागितले आणि जवळजवळ त्याच क्षणी गोळ्या झाडल्या. पोस्टमास्तर गेले. पैशाला हात न लावता सगळे पळाले, पण बरेंद्रकुमार घोष पिस्तुलासह पकडला गेला. त्याचा बचाव असा: मी अंगणात उभा होतो, घाबरलो होतो, गोळी मी झाडलीच नाही.

एफआयआरमध्ये आज सर्रास दिसणाऱ्या 'संगनमत करून' या शब्दांमागच्या, भारतीय दंड संहितेतल्या कलम ३४ चा खरा कस या खटल्यात लागला. १८६० च्या मूळ कलमात इराद्याचा उल्लेखच नव्हता. अनेकांनी मिळून गुन्हा केला तर प्रत्येक जण जबाबदार, एवढेच ते म्हणत होते. ही मोकळी जागा १८६६ मध्ये गोराचंद गोपच्या खटल्यात कलकत्ता उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनी दाखवून दिली. पकडलेल्या माणसाला चोरीच्या आरोपावरून ठाण्यात नेणे एवढाच सगळ्यांचा बेत असेल आणि मारहाण त्या बेतात नसेल, तर केवळ हजर होते म्हणून सगळ्यांना मारहाणीच्या परिणामासाठी दोषी धरता येणार नाही. पुढे १८७० च्या दुरुस्तीने 'सर्वांचा सामाईक इरादा तडीस नेण्यासाठी' या अर्थाचे शब्द कलमात आले.

घोषच्या वकिलांनी कलमातला 'कृत्य' हा शब्द धरला. पण प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, १९२४ मध्ये खुनाच्या शिक्षेविरुद्धचे त्याचे अपील फेटाळले. कलमातले 'कृत्य' म्हणजे एकट्याची गोळी नव्हे, सगळ्यांनी मिळून घडवलेली अख्खी घटना, असे तिथले न्यायाधीश लॉर्ड समनर यांनी सांगितले. जे नुसते उभे राहून वाट पाहतात तेही सेवाच करतात, ही मिल्टनची ओळ त्यांनी निकालात घातली. भक्तिभावाच्या ओळीचा असा उपयोग कवीच्या स्वप्नातही आला नसेल.

पण उभा राहणारा उभा राहिला कुठे? या प्रश्नाला पुण्याजवळच्या देहूरोड डेपोतल्या सरकारी मालाच्या अपहाराने तोंड फोडले. तो दरोडा नव्हता, पण १९५४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. विवियन बोस यांनी दिलेली उदाहरणे थेट दरोड्याला लागू पडणारी होती. खोलीत असण्याची गरज नाही. फाटकाशी पहारा दिला किंवा जवळच्या रस्त्यावर पळून जाण्यासाठी गाडी तयार ठेवली तरी पुरे, मात्र घटनेच्या वेळी तिथे असून सहभाग हवा. ही हजेरीची अट पुढे सर्वोच्च न्यायालयानेच सैल केली. त्याआधीच १९४५ च्या महबूब शाह खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने एक बारीक रेघ ओढली होती. दोघांच्या मनात सारखाच इरादा असणे वेगळे आणि आधी ठरवून तो एक असणे वेगळे.

दरोड्याच्या कलमांत गंमत अशी की, माणसे मोजली की मनाची चौकशी बदलते. चौघांच्या जबरी चोरीत एकाने खून केला, तर बाकी तिघांचा खुनातला सामाईक इरादा शोधावा लागतो. पाचवा आला की तो दरोडा ठरतो, आणि कलम ३९६ प्रमाणे त्या ओघात एकाने खून केला तर प्रत्येकाला फाशीपर्यंतची शिक्षा होऊ शकते. खुनाचा इरादा कोणाचा होता, हे विचारलेच जात नाही. कलम ३९७ मात्र याच्या उलट. प्राणघातक हत्यार 'वापरणाऱ्या'ला किमान ७ वर्षे, आणि १९७५ च्या फूलकुमार निकालानुसार ही किमान शिक्षा ज्याच्या हाती हत्यार त्यालाच. चाकू भोसकलाच पाहिजे असे नाही, समोरच्याला धाक बसेल असा दिसला तरी तो वापर. पण रिकाम्या हाताच्या साथीदाराला ती किमान शिक्षा कलम ३४ च्या आधाराने चिकटवता येत नाही.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ हे ३(५), ३९६ हे ३१०(३) आणि ३९७ हे ३११ झाले. शब्द जवळपास तेच राहिल्याने शांकारीटोल्याचे अंगण युक्तिवादात येतच राहणार.