कांदळवनात कुर्लीपालन: अर्ज नेमका कुठे अडतो

कुर्लीपालनाचा, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांच्या शेतीचा, प्रस्ताव कुर्लीमुळे परत आलाय, असं मी अजून पाहिलेलं नाही. खाडीकाठच्या बायकांना कुर्ली कुठे लपते आणि कात टाकताना एकमेकींना कशा खातात, हे शिकवावं लागत नाही. प्रस्ताव परत येतो तो सातबाऱ्यामुळे, ठरावातल्या एखाद्या ओळीमुळे, नाहीतर बँकेतल्या नावामुळे. म्हणून इथे तेच जास्त लिहिलंय. फॉर्म भरणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम.

योजनेचं नाव 'कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना'. कांदळवन म्हणजे खाडीकाठचं खारफुटीचं जंगल. राज्य सरकारने ती सप्टेंबर २०१७ मध्ये आणली. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि कांदळवन प्रतिष्ठान ती राबवतात. खेकडे, जिताडा-काळुंदरसारखे मासे, कालवं, शिणाणे (शिंपल्यांचाच प्रकार), शोभेचे मासे, श्री पद्धतीचं (कमी पाण्यातलं) भात, निसर्ग पर्यटन असे पर्याय त्यात आहेत. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांचा गट कांदळवन सफारी चालवतो, तो याच वाटेवरचा. सरकारचा हिशेब सरळ आहे: झाड उभं राहिलं तर गावाला चार पैसे मिळायला हवेत, म्हणजे कोणी कोयता लावणार नाही.

पात्रता: आधी जागा कोणाची ते बघा

सरकारी किंवा सामूहिक जागेतलं कांदळवन असेल तर अर्ज गटाने करायचा. खर्चाच्या ९० टक्के सरकार देतं, १० टक्के गट घालतो. स्वतःच्या मालकीच्या जमिनीत कांदळवन असेल तर व्यक्तीला ७५ टक्के मिळतात, २५ टक्के तिने घालायचे.

सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. खाडीतली जागा सरकारी असते आणि अर्ज एकट्या माणसाच्या नावाने येतो. विचारलं की उत्तर ठरलेलं: "आजोबांपासून आम्हीच तिथे जाळं लावतो." खरं असतं ते, गावात कोणी नाकारतही नाही. पण वहिवाट म्हणजे मालकी नव्हे, आणि कार्यालयाला कागद लागतो. अशा वेळी भांडत बसू नका. शेजारच्या चार घरांना घेऊन गट करा, तुमचं जाळं तिथेच राहील आणि हिस्साही कमी भरावा लागेल.

ग्रामसभेचा ठराव

गटाच्या अर्जाची सुरुवात गटात होत नाही, ग्रामसभेत होते. गावाने योजनेत सहभागाचा ठराव करायचा, कांदळवन सहव्यवस्थापन समिती नेमायची, समितीने गावाचा सूक्ष्म आराखडा करायचा आणि त्यात तुमच्या गटाचं काम दिसायला हवं. यातलं काहीच झालेलं नसताना थेट अर्ज टाकला तर तो कोणी 'नामंजूर' करत नाही, नुसता पडून राहतो. वर्षभर फोन करत राहाल आणि "बघतो" एवढंच ऐकाल.

ठराव ग्रामपंचायत सदस्यांच्या मासिक सभेचा चालत नाही. ग्रामसेवक कधीकधी घाईत मासिक सभेचाच देतात आणि आपण शिक्का बघून खूश होतो. वर 'ग्रामसभा' लिहिलंय का, तारीख आणि ठराव क्रमांक आहे का, सूचक-अनुमोदक आहेत का, ते तिथेच उभं राहून वाचा. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतली कमी असेल ती संख्या. सभा तहकूब झाली तर विषय पुढे जातो. म्हणून विषयपत्रिकेवर तो आधीच घालून घ्या, 'आयत्या वेळच्या विषयात' ढकलू नका. आणि त्या दिवशी गटातल्या सगळ्याजणींनी जाऊन बसा. भाजी चुलीवर असली तरी.

सातबारा, म्हणजे खरी डोकेदुखी

खाजगी जमिनीच्या अर्जात निम्मे लोक इथे अडकतात. सातबारा आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, आणि जमीन तीन भावांत, त्यातले दोघे मुंबईत. कायद्याप्रमाणे वारसाची खबर तीन महिन्यांत द्यायची असते. कोकणात ती तीन पिढ्यांत देतात.

वारस नोंद आता ई-हक्क पोर्टलवरून करता येते. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती जोडायची, ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपला तलाठी, फेरफार घालतो, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. ऐकायला महिन्याभराचं काम. आजोबांच्या काळचा मृत्यूचा दाखलाच नसेल तर किती लांबेल ते सांगता येत नाही, म्हणून योजनेची वाट न बघता ही नोंद आजच सुरू करा. ती एरवीही लागणारच आहे.

सामायिक जमिनीत बाकीच्या हिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं. चाकरमानी गणपतीला येतात, तेव्हा सह्या घ्या. आरतीनंतर, प्रसाद वाटून झाल्यावर. वाटणीचा विषय निघायच्या आत.

'इतर हक्क' हा रकाना लोक वाचतच नाहीत. सोसायटीचं कर्ज कधीच फिटलेलं असतं, बोजा मात्र तसाच असतो. सोसायटीचा बेबाकी (काही देणं नसल्याचा) दाखला देऊन तो कमी करून घ्या. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन निघतो, अर्ज द्यायच्या आठवड्यातच काढा. जुना जोडला की परत पाठवायला आयतं कारण मिळतं.

जातीचा, उत्पन्नाचा किंवा रहिवासाचा दाखला काढताना प्रतिज्ञापत्रासाठी कोणी ५०० रुपयांचा मुद्रांक मागितला, तर तो माफ आहे हे सांगा. साध्या कागदावर चालतं. खिडकीवरच्या माणसाला हे माहीत नसतं, किंवा असतं.

बँकेचं नाव

ठरावात 'जय भवानी महिला बचत गट', पासबुकात 'जय भवानी महिला स्वयंसहाय्यता समूह', उमेद, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या, नोंदीत नुसतं 'जय भवानी'. तुमच्यासाठी तिघी एकच, संगणकासाठी तीन वेगळ्या बायका. ठरावाच्या आधी पासबुक उघडा आणि त्यात आहे तेच नाव, त्याच अक्षरांत, सगळीकडे लिहा. १० टक्के हिस्सा याच खात्यात दिसायला हवा. श्रमदान हिशेबात धरतात का, हे आधी लेखी विचारा. तोंडी "होईल हो" वर विसंबू नका.

जागेची पाहणी

साहेब जागा बघायला येतील ती वेळ ओहोटीची असेल असं बघा. भरतीला सगळीच खाडी छान दिसते. भांगाच्या, म्हणजे छोट्या भरतीच्या, दिवसांत तिथे पाणी पोचतं का, आणि उधाणाच्या मोठ्या भरतीला जाळ्यावरून जातं का, हे दोन प्रश्न तुम्हीच आधी सोडवलेले असावेत. एक खांब रोवून उधाणाची खूण त्यावर करून ठेवा, जाळं त्याच्या वर हातभर हवं. नाहीतर एका अमावास्येला वाढवलेल्या कुर्ल्या खाडीला परत.

झाड तोडून जागा करायची नाही, आणि पाणी अडवणारा मातीचा बांधही घालायचा नाही. उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये कांदळवनाची तोड बंद केली आणि त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. एखादी फांदी आड आली म्हणून छाटली, त्याचा फोटो गेला आणि प्रस्तावाऐवजी पंचनामा झाला, असं होऊ देऊ नका. कुंपण चिखलाच्या मोकळ्या पट्ट्यात घाला. पिल्लं उबवणी केंद्रातूनच घ्या. खाडीतून धरून सोडली तर आपलीच खाडी रिकामी होते, शिवाय ती वेगवेगळ्या मापाची असतात आणि मोठी लहानांना संपवतात.

खाऱ्या किंवा निमखाऱ्या पाण्यातल्या पालनाला कोस्टल अॅक्वाकल्चर अथॉरिटीची नोंदणी लागते, ती पाच वर्षांची असते. प्रस्तावात हे कोण करणार, गट की प्रतिष्ठान, ते स्पष्ट लिहून घ्या.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा आणि हे

ती योजना वेगळी, मत्स्यव्यवसाय विभागाची. तिथे अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. ६० टक्के मिळतात म्हणून बायकोचं नाव पुढे करतात, पण जमीन नवऱ्याच्या नावावर असली की गाडी अडते. एकाच तळ्यासाठी दोन्हीकडे अर्ज करू नका, एक पकडला जातो आणि दुसराही जातो.

मुदत

जाहिरातीतली तारीख म्हणजे पूर्ण कागदांसह प्रस्ताव पोचायची तारीख. "अर्ज वेळेत दिला होता, ठराव नंतर जोडला" हे चालत नाही. ग्रामसभा वर्षाला चारच ठरलेल्या, त्यातली एक हुकली तर तीन महिने गेले. शिवाय मार्चअखेर मंजुरी आली तर हातात अडीच महिने राहतात, मग पाऊस. पावसात खाडीचं पाणी गोडं होतं, त्यात पिल्लं सोडू नयेत. मंजुरीपत्र हातात आलं की बीज कधी हवं ते लेखी कळवा. "पावसाळ्यानंतर" एवढंच मोघम लिहू नका, महिना लिहा.

जे काही द्याल त्याची पोहोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांकासह. "साहेब जेवायला गेलेत, ठेवून जा" म्हणाले तर तिथल्या बाकावर बसा. जेवण होईलच कधीतरी.