सायलेन्सरमधला ऱ्होडियम

मोटारीचा सायलेन्सर चोरीला गेल्याची बातमी आली की पुण्यातल्या कोणत्याही कट्ट्यावर एकजण तरी ठामपणे सांगतो, "आत सोने असते!" सोने मुळीच नसते. एक्झॉस्टच्या नळीतील, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची सिरॅमिकची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांचा सूक्ष्म लेप असतो. त्यातला ऱ्होडियम बहुधा ग्रॅमभरही नसतो, परंतु मार्च २०२१मध्ये त्याचा भाव सोन्याच्या पंधरापटीवर गेला होता.

विल्यम वोलास्टन यांनी १८०४च्या सुमारास लंडनमध्ये प्लॅटिनमच्या खनिजातून हा धातू वेगळा केला आणि त्याच्या गुलाबी क्षारांवरून गुलाबाच्या ग्रीक नावाने त्याचे बारसे केले. तो मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत, प्लॅटिनमबरोबर जोडउत्पादन म्हणून मिळतो. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर सराफाकडे व्हाइट गोल्डच्या अंगठीला पांढरी झळाळी येते तीही ऱ्होडियमच्याच मुलाम्याने; तो झिजला की खालची पिवळसर छटा डोकावते.

ऱ्होडियमचे खरे कर्तृत्व मात्र धुरातला नायट्रिक ऑक्साइड हा प्रदूषक वायू फोडण्यात आहे. इंजिनाच्या प्रखर उष्णतेत हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन जोडले जातात, आणि वायू थंड झाला तरी हा पक्का बंध आपणहून तुटत नाही. ऱ्होडियमच्या पृष्ठभागावर हा रेणू नायट्रोजनच्या बाजूने चिकटतो. धातूचे इलेक्ट्रॉन रेणूच्या अशा कक्षांत शिरतात की त्या भरू लागल्या की बंध सैल होतो, आणि शेजारी रिकामी जागा असल्यास ऑक्सिजन तिकडे सरकून रेणू दुभंगतो. सुटे नायट्रोजन अणू जोडीने वायुरूपात निघून जातात, तर उरलेल्या ऑक्सिजनला धुरातला कार्बन मोनॉक्साइड उचलून नेतो व स्वतः कार्बन डायऑक्साइड होतो. हा ऑक्सिजन उचलला गेला नाही तर जागा अडतात आणि काम थांबते. म्हणूनच, जादा हवेमुळे ऑक्सिजन साचून राहू नये यासाठी, पेट्रोल इंजिनात एक किलो इंधनाला सुमारे १४.७ किलो हवा हे प्रमाण ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने सतत सांभाळावे लागते. पेट्रोलच्या नळीला लोहचुंबक बांधून प्रदूषण घटवण्याचे दावे करणाऱ्यांनी यातली कोणती पायरी चुंबक पार पाडतो, एवढे तरी सांगावे.

हे सारे घडायला कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंश सेल्सियसपर्यंत तापावा लागतो. त्यामुळे सकाळी थंड गाडी काढून शनिवार पेठेतून जवळच्या डेक्कनपर्यंत जाऊन यायचे, तर बराचसा धूर ऱ्होडियमला चुकवूनच बाहेर पडलेला असतो.