अमेरिकी काँग्रेस सदस्यांचे शेअर व्यवहार

अमेरिकेच्या काँग्रेसचे, म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधिगृहाचे, सदस्य पदावर असताना कंपन्यांचे शेअर खुशाल घेऊ-विकू शकतात. औषध कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या समितीतल्या सदस्याने सकाळी सुनावणीला बसावे आणि दुपारी त्याच क्षेत्रातले शेअर घ्यावेत, याला कायद्याची आडकाठी नाही. पदामुळे हाती आलेल्या, लोकांना ठाऊक नसलेल्या माहितीवर व्यवहार करायला तेवढी बंदी आहे. माहिती गुप्त होती आणि व्यवहार तिच्यामुळेच झाला, हे दोन्ही कोर्टात सिद्ध करणे महाकठीण असल्यामुळे ही बंदी बरीचशी कागदावरच राहिली आहे. सदस्यांसाठी २०१२ साली केलेल्या खास कायद्याखाली एकाही सदस्याला शिक्षा झालेली नाही.

सरकारी नोकरांना मात्र वेगळा न्याय आहे. स्वतःचा, जोडीदाराचा किंवा अल्पवयीन मुलाचा पैसा ज्या प्रकरणात गुंतला आहे, त्या प्रकरणात संघराज्य सरकारच्या अधिकाऱ्याने सरकारी काम म्हणून हात घालणे हा १९६२ पासून फौजदारी गुन्हा आहे. काँग्रेसचे सदस्य, राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांना हे कलम लागू नाही. कायदा लिहिणारे हातच त्यातून सुटले आहेत. फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या दोन प्रादेशिक बँकांच्या अध्यक्षांचे शेअर व्यवहार २०२१ मध्ये उघड झाले, तेव्हा दोघांनी पद सोडले आणि काही महिन्यांत फेडरल रिझर्व्हने आपल्या वरिष्ठांना शेअर खरेदी बंद केली. काँग्रेसमध्ये हीच चर्चा दीड दशक चालू आहे.

प्रकार जुनाच आहे. क्रेडिट मोबिलियर ही युनियन पॅसिफिक रेल्वेमार्गाचे बांधकाम करणारी कंपनी होती. मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी ओक्स एम्स यांनी १८६७-६८ मध्ये तिचे शेअर सहकारी सदस्यांना बाजारभावापेक्षा पुष्कळ स्वस्तात दिले. जिथे आपल्याला सर्वांत जास्त उपयोग होईल तिथे ते ठेवले, असे त्यांनी पत्रातच लिहून टाकले होते. १८७२ मध्ये 'न्यूयॉर्क सन'ने हे प्रकरण बाहेर काढले. पुढच्या वर्षी प्रतिनिधिगृहाने एम्स आणि जेम्स ब्रुक्स यांची निंदा करणारा ठराव केला. शेअर घेतल्याचा आरोप असलेले बाकीचे बहुतेक जण सहीसलामत राहिले. त्यांतले जेम्स गारफील्ड आठ वर्षांनी राष्ट्राध्यक्ष झाले.

राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणानंतर, १९७८ च्या कायद्याने सदस्यांना वर्षातून एकदा मालमत्तेचे विवरण देणे भाग पडले. नोव्हेंबर २०११ मध्ये सीबीएस वाहिनीच्या एका कार्यक्रमाने सदस्यांच्या शेअर व्यवहारांचा विषय घराघरांत नेला आणि २००६ पासून धूळ खात पडलेल्या विधेयकाला एकाएकी पाय फुटले. 'स्टॉक ॲक्ट' या नावाने ते सिनेटमध्ये ९६ विरुद्ध ३ आणि प्रतिनिधिगृहात ४१७ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाले, आणि ४ एप्रिल २०१२ रोजी बराक ओबामांनी त्यावर सही केली. इनसायडर ट्रेडिंगचा, म्हणजे आतल्या गुप्त माहितीवर शेअर घेण्या-विकण्याविरुद्धचा, कायदा सदस्यांनाही लागू आहे असे त्याने स्पष्ट केले. हजार डॉलरच्या वरचा प्रत्येक व्यवहार कळल्यापासून ३० दिवसांत, आणि काहीही झाले तरी ४५ दिवसांच्या आत जाहीर करायचा. रकमेचा नेमका आकडा द्यावा लागत नाही, फक्त टप्पा सांगायचा: १,००१ ते १५,००० डॉलर, १५,००१ ते ५०,००० डॉलर, असा. त्यामुळे एखाद्या सदस्याने 'सहा लाख ते सतरा लाख' डॉलरचे शेअर विकले, असली विचित्र वाक्ये अमेरिकी वृत्तपत्रांत दिसतात. उशीर झाला तर दंड २०० डॉलर, आणि तोही माफ होऊ शकतो.

ही विवरणे लोकांना शोधता, चाळता येतील अशा स्वरूपात संकेतस्थळावर ठेवावीत, हा कायद्यातला खरा दात होता. तो वर्षभरातच पाडला गेला. सुरक्षेला धोका असल्याच्या एका अहवालाचे निमित्त करून एप्रिल २०१३ मध्ये दुरुस्ती आली. सिनेटने आणि प्रतिनिधिगृहाने ती चर्चेविना, कोणाचेही मत न नोंदवता दोन दिवसांत मंजूर केली. काँग्रेसच्या कर्मचाऱ्यांची आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांची विवरणे संकेतस्थळावर टाकण्याची सक्ती गेली, आणि शोधता येईल अशा माहितीसाठ्याची अटही गेली. कायद्यावर सही झाली तेव्हा कॅमेरे होते. दुरुस्तीवर झाली तेव्हा नव्हते.

या व्यवस्थेची खरी कसोटी कोविडच्या सुरुवातीला लागली. २४ जानेवारी २०२० रोजी सिनेटरांना नव्या विषाणूबद्दल बंद दाराआड माहिती देण्यात आली. नॉर्थ कॅरोलायनाचे रिचर्ड बर तेव्हा सिनेटच्या गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष होते. देश पूर्वी कधी नव्हता इतका सज्ज आहे, असा दिलासा देणारा लेख त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर ७ फेब्रुवारीला प्रसिद्ध केला. १३ फेब्रुवारीला त्यांनी आणि पत्नीने ३३ व्यवहारांत सुमारे ६.२८ लाख ते १७.२ लाख डॉलरचे शेअर विकले. त्यांत हॉटेल कंपन्यांचेही होते. शेअर बाजार नियामकाने पुढे कोर्टात सांगितले, की त्याच दिवशी बर यांचे मेहुण्याशी ५० सेकंद बोलणे झाले आणि पुढच्याच मिनिटाला मेहुण्याने आपल्या ब्रोकरला फोन लावला. महिनाअखेरीस वॉशिंग्टनमधल्या एका खासगी भोजनात बर यांनी या साथीची तुलना १९१८ च्या साथीशी केली. त्याचे ध्वनिमुद्रण मार्चमध्ये एनपीआर या रेडिओने ऐकवले आणि मग गदारोळ उडाला. जनतेला एक आणि आतल्या मंडळींना दुसरे, हे त्यात लोकांना सर्वांत जास्त झोंबले.

आपण केवळ वृत्तवाहिनीच्या आशियातल्या बातम्यांवर विसंबलो, असा बर यांचा बचाव होता. मे महिन्यात एफबीआयने त्यांचा मोबाईल जप्त केला आणि त्यांनी समितीचे अध्यक्षपद सोडले. तरी जानेवारी २०२१ मध्ये न्याय खात्याने आणि जानेवारी २०२३ मध्ये नियामकाने चौकशी आरोपाविना बंद केली. ढोंगीपणाच्या हिशेबात बर यांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी: २०१२ मध्ये या कायद्याविरुद्ध मत देणाऱ्या तीन सिनेटरांपैकी ते एक होते. मोठ्या आवाजात बाजूने मत देऊन मागल्या दाराने दात पाडणाऱ्यांपेक्षा ते सरळच म्हणायचे.

जॉर्जियाच्या केली लोफ्लर यांचीही याच काळातल्या व्यवहारांवरून चौकशी झाली. त्यांचे पती न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या मालक कंपनीचे प्रमुख. व्यवहार सल्लागार परस्पर करतात, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यांच्यावर आरोप ठेवला गेला नाही. मतदारांनी मात्र हा मुद्दा सोडला नाही. जानेवारी २०२१ च्या फेरनिवडणुकीत लोफ्लर आणि, शेअर व्यवहारांवरूनच टीका झालेले, डेव्हिड पर्ड्यू हे जॉर्जियाचे दोन्ही सिनेटर हरले आणि सिनेटची सत्ता डेमोक्रॅटांकडे गेली.

तुरुंगात गेले ते न्यूयॉर्कचे प्रतिनिधी ख्रिस कॉलिन्स, पण तेही सदस्य म्हणून मिळालेल्या माहितीमुळे नव्हे. एका ऑस्ट्रेलियन औषध कंपनीच्या संचालक मंडळावर ते होते. जून २०१७ मध्ये व्हाइट हाउसच्या हिरवळीवर स्नेहभोजन चालू असताना औषधाची चाचणी फसल्याचा ईमेल त्यांना आला आणि तिथूनच त्यांनी मुलाला फोन केला. जानेवारी २०२० मध्ये त्यांना २६ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच डिसेंबरात डोनाल्ड ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. २०१६ मध्ये ट्रम्प यांना उघड पाठिंबा देणारे काँग्रेसमधले पहिले सदस्य कॉलिन्सच होते.

एवढे करून सदस्यांना फायदा होतो का? नव्वदच्या दशकातल्या व्यवहारांवरचा, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सिनेटरांची कमाई बाजाराहून वर्षाला सुमारे १२ टक्के जास्त दाखवतो आणि आजही त्याचाच दाखला दिला जातो. नंतरच्या काही अभ्यासांत मात्र असे काही आढळले नाही. त्यांतल्या एकात तर सरासरी सदस्य बाजाराच्या मागेच राहिलेला दिसला. पण आक्षेपाचे मूळ कमाईत नाही, हितसंबंधांत आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०२२ मध्ये दाखवले, की तीन वर्षांत ९७ सदस्यांनी किंवा त्यांच्या जवळच्या कुटुंबीयांनी त्यांच्याच समित्यांच्या कामाशी संबंध येऊ शकेल अशा मालमत्तेत व्यवहार केले होते.

दोन्ही पक्ष यात सारखेच गुंतले आहेत. प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या सभापती, डेमोक्रॅट नॅन्सी पलोसी यांनी डिसेंबर २०२१ मध्ये बंदीला विरोध करताना ही मुक्त बाजार अर्थव्यवस्था आहे, सदस्यांनाही तीत भाग घेता आला पाहिजे, असे सांगितले. त्यांचे पती मोठे गुंतवणूकदार असल्याने या वाक्याने हसे झाले आणि काही आठवड्यांत त्यांनी सूर बदलला. बंदीचे खंदे समर्थक असलेले कॅलिफोर्नियाचे रो खन्ना यांच्या विवरणांतही व्यवहारांची लांबच लांब यादी असते. ती पत्नीची लग्नापूर्वीची मालमत्ता असून स्वतंत्र विश्वस्त सांभाळतो, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. बाजाराने यातही संधी पाहिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन सदस्यांच्या खरेदीची नक्कल करणारे दोन फंड सुरू झाले; बाजारात त्यांना ओळखण्याची तेव्हाची चिन्हे पलोसी आणि रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ यांच्या नावांवरून घेतलेली होती, 'एनएएनसी' आणि 'केआरयूझेड'.

पर्ड्यू यांना हरवून आलेले जॉन ऑसॉफ यांनी मार्क केली यांच्यासह जानेवारी २०२२ मध्ये पूर्ण बंदीचे विधेयक मांडले. ते पुढे सरकले नाही. मिसुरीचे रिपब्लिकन जॉश हॉली यांनी आपल्या विधेयकाचे इंग्रजी आद्याक्षरांचे नावच 'पलोसी' होईल असे जुळवले होते. डेमोक्रॅटांची मते हवीत म्हणून जुलै २०२५ मध्ये ते बदलून 'ऑनेस्ट ॲक्ट' झाले आणि बंदी राष्ट्राध्यक्ष व उपराष्ट्राध्यक्षांपर्यंत वाढवली गेली, मात्र मालमत्ता विकण्याची अट चालू कारकिर्दीपुरती त्यांना लागू नाही. सिनेटच्या समितीत ते ८ विरुद्ध ७ मतांनी पार पडले; रिपब्लिकनांपैकी एकट्या हॉलींनी बाजूने मत दिले. कल्पना म्हणून आपल्याला हे आवडते, असे ट्रम्प यांनी त्याच दिवशी पत्रकारांना सांगितले आणि नंतर समाजमाध्यमावर हॉलींना दुय्यम दर्जाचे सिनेटर ठरवले.