शिंपला कुठल्या पाण्याचा?

"गुरुजी, आपल्या वावरात समुद्र होता म्हन्तेत!" विहीर खोदताना निघालेला दगड घेऊन एक जुना विद्यार्थी घरी आला. दगडात छोट्या गोगलगायींचे शंख रुतलेले. एकाचं टोक वर धरलं, तर तोंड डावीकडे आलं. ही फायसा, गोड्या पाण्यातली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या दोन थरांमध्ये तळी साचत, त्यांच्या गाळात ती दबली. नागपूरच्या या जीवाश्मांवर मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८६० सालीच लिहून ठेवलंय. समुद्र नव्हता, तळं होतं.

पण जुन्या वस्तीच्या पांढरीत समुद्री शंखाची बांगडी निघाली, तर ती माणसानंच आणलेली. कुठून, हे शंखच सांगतो.

मे महिन्यात गावचा तलाव आटतो, तेव्हा हलकं पाणी आधी उडतं. ऑक्सिजनचे १६ आणि १८ वजनाचे अणू असतात. १८ वाले मागे रेंगाळतात, म्हणून उरलेलं पाणी किंचित जड होतं. पावसाचं आणि नदीचं पाणी त्यामानानं हलकं. शिंपला आपलं कवच थरावर थर चढवत बांधतो आणि त्यातला ऑक्सिजन याच पाण्यातून घेतो. फरक हजारात काही भागांचा, पण अणूंची वजनं वेगळी काढणारं यंत्र, वस्तुमान वर्णपटमापक, तो पकडतं. पाणी गरम असेल तर कवचात १८ कमी शिरतो, म्हणून वाढीच्या रेषांवर ओळीनं बारीक छिद्रं पाडून ऋतूंचा चढउतार वेगळा काढावा लागतो.

मध्य युरोपात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, नवाश्मयुगीन थडग्यांमध्ये स्पॉन्डिलस शिंपल्याचे मणी आणि कडी सापडतात. हा माल काळ्या समुद्राचा की ग्रीसजवळच्या एजियन समुद्राचा? काळ्या समुद्रात डॅन्यूबसारख्या नद्या ओततात, म्हणून तिथलं पाणी हलकं. शॅकलटन आणि रेनफ्रू यांनी १९७० साली तपासलेले नमुने जड निघाले. माल एजियनचा होता.

आपल्या पूजेचा शंखही असाच तपासता येईल: कच्छच्या आखातात बाष्पीभवन जोरात, तिथलं पाणी जास्त खारं आणि म्हणून जड. 'दक्षिणावर्ती' म्हणून लक्ष्मी आणणारा महागडा शंख मात्र घेऊ नका. तो उलट्या वळणाचा दुर्मीळ शंख, एवढंच. आणि त्या नावानं अमेरिकेच्या किनाऱ्यावरची भलतीच गोगलगाय सर्रास विकली जाते.

नमुना कुठून, किती खोलीवरून काढला हे माहीत नसेल तर सगळं मोजमाप वाया. म्हणून दगड घेऊन आलेल्या त्या विद्यार्थ्याला खडू दिला. त्यानं दगडावर लिहिलं: 'धुऱ्याजवळची विहीर, बावीस फूट.'