पार्श्वभूमी : विमानाच्या बेअरिंगला उघडा हात का लावत नाहीत

सायकलच्या दुकानात 'ओव्हरऑइलिंग' नावाचं काम करून मिळतं. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग, पण आपल्या कारागिरांनी तो तेलाशी जोडून टाकला आणि तो चुकीचाही वाटत नाही. हब उघडायचा, छर्रे रॉकेलच्या ताटलीत टाकायचे, चिंधीनं पुसायचे, कपात बोटानं ग्रीस थापून एकेक छर्रा त्यात चिकटवायचा, कोन आवळायचा आणि चाक गरकन फिरवून कान द्यायचा.

विमानाच्या चाकाचं बेअरिंगही असंच उघडतात, धुतात, बघतात, ग्रीस भरून परत बसवतात. पण तिथं उघड्या बोटाला मज्जाव, चिंधीला मज्जाव आणि हवेच्या झोतानं बेअरिंग गरगर फिरवून वाळवणं म्हणजे तर मोठा अपराध. हे सगळे नियम एकदम आलेले नाहीत, आणि त्यातले काही फार महाग पडले आहेत.

सायकलशी हे नातं ओढूनताणून आणलेलं नाही. आसावर गोळ्या बसवायची कल्पना वेल्समधल्या फिलिप वॉननं 1794 साली पेटंट केली, ती घोडागाडीसाठी. तिला खरी मागणी आली सायकलमुळे. पॅरिसच्या ज्यूल्स सुरिरे या सायकल-कारागिरानं 1869 मध्ये बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं. अडचण छर्ऱ्यांची होती. एखादा छर्रा बाकीच्यांपेक्षा किंचित मोठा असला, की सगळं ओझं त्याच्याच डोक्यावर येतं आणि तो आधी फुटतो. जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावात फ्रीडरिश फिशरनं 1883 मध्ये एकसारखे गोल छर्रे घासून काढणारं यंत्र केलं, तेव्हा ही अडचण सुटली. पुढं 1903 मध्ये राइट बंधूंचं विमान किटी हॉकला ज्या रुळावरून सुटलं, त्या रुळावरच्या गाड्याला त्यांनी सायकलचेच हब लावले होते. दुकान सायकलचं, तेव्हा हाताशी दुसरं काय असणार!

पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानाच्या बेअरिंगची निगा म्हणजे भरपूर तेल पाजणं. आणि तेल कोणतं, तर एरंडेल. फ्रान्सच्या नोम कंपनीच्या रोटरी इंजिनात दांडा स्थिर असे आणि सिलिंडरांचं सगळं चक्रच त्याच्याभोवती फिरे. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच, म्हणजे इंजिनाच्या मधल्या पेटीतूनच जाई, त्यामुळे साधं खनिज तेल पेट्रोलबरोबर धुऊन निघे. एरंडेल पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही, म्हणून ते टिके. वापरलेलं तेल परत टाकीत येतच नसे, धुराबरोबर बाहेर फेकलं जाई आणि वैमानिकाच्या तोंडावर बसे. लहानपणी ज्याला नाक दाबून एरंडेल पाजलं गेलंय, त्याला त्या वैमानिकांच्या पोटाची अवस्था वेगळी सांगायला नको. या तेलाची मागणी इतकी वाढली, की युद्धात उतरल्यावर अमेरिकेनं आशियातून एरंडाचं बी मागवून एक लाख एकरांहून जास्त पेरणीची तयारी केली.

एरंडेलाचा दुसरा गुण मेकॅनिकच्या वाट्याला येई. तापून थंड झालं, की ते डिंकासारखं चिकट होतं. त्यामुळे इंजिनं वरचेवर उघडून खरवडावी लागत. तेल देण्याइतकंच जुनं तेल काढणंही महत्त्वाचं, हा धडा विमानाच्या धंद्यात इथूनच सुरू झाला असं मला वाटतं.

बेअरिंग किती काळ चालेल, हे तोवर कुणी नीट सांगू शकत नव्हतं. स्वीडनमध्ये योटेबोरीला स्वेन विंगक्विस्टनं 1907 मध्ये एसकेएफ कंपनी काढली. पिंपरी-चिंचवडकरांना ती चिंचवडच्या कारखान्यामुळे ठाऊक आहे. त्याच कंपनीतल्या आर्विड पाल्मग्रेननं 1924 पासून बेअरिंगच्या थकव्याचं गणित मांडायला घेतलं, आणि 1947 मध्ये लुंडबर्गसोबत त्याला पक्कं रूप दिलं. त्यातून आलेलं एल-10 हे माप आजही वापरतात. शंभर बेअरिंगांपैकी नव्वद जितके फेरे नक्की पुरे करतील, तितकं त्यांचं आयुष्य धरायचं. उरलेल्या दहांपैकी कोणतं आधी जाईल, ते गणित सांगत नाही. मग ते शोधायचं काम उरतं तपासनिसाच्या डोळ्यांकडे.

आणि डोळ्यांना ते दिसतं, कारण पोलादावर सगळं लिहिलेलं असतं. धुऊन घेतलेला रोलर (छर्ऱ्याचंच काम करणारी पोलादाची बारीक लाट) दिव्याखाली हळूहळू फिरवला, तर चांगल्या रोलरवर एकसारखी फिकट चकाकी असते. तपकिरी किंवा निळसर झाक दिसली, तर बेअरिंग तापलंय. बारीक काळे ठिपके म्हणजे पाणी शिरलंय. कडेला पापुद्रा निघून खळगा पडला असेल, तर पोलाद आतून थकलंय. एक खूण मात्र फसवी असते. रेसवर, म्हणजे रोलर ज्यावर धावतात त्या कड्यावर, रोलरच्या अंतराअंतरानं उथळ चर दिसतात, जणू कुणी ठोकून बसवलेत. 1930च्या दशकात अमेरिकेत रेल्वेनं पाठवलेल्या नव्या कोऱ्या मोटारींच्या चाकांत असे चर सापडू लागले. गाड्या एक फेरासुद्धा फिरल्या नव्हत्या. उभ्या चाकाला रुळांचे हादरे बसत राहिले आणि रोलरखालचं वंगण सरकून धातू धातूला घासला. म्हणजे बेअरिंग नुसतं उभं राहूनही झिजतं. हँगरमध्ये महिनोन्‌महिने पडून असलेल्या विमानाकडे त्यानंतर वेगळ्या नजरेनं बघितलं जाऊ लागलं.

दुसऱ्या महायुद्धात बेअरिंगची किंमत सगळ्या जगाला कळली. अमेरिकी बॉम्बफेकी विमानांनी 1943 मध्ये बेअरिंगच्या कारखान्यांच्या श्वाइनफुर्टवर दोनदा मोठे हल्ले केले. 14 ऑक्टोबरच्या दुसऱ्या हल्ल्यात निघालेल्या 291 विमानांपैकी 60 परत आली नाहीत. याच काळात ब्रिटनची मॉस्किटो विमानं रात्री नॉर्वेवरून उडून स्टॉकहोमला जात आणि स्वीडिश बेअरिंगं भरून आणत. कधी कधी बॉम्बच्या कप्प्यात एखादा प्रवासीही आडवा घालून नेत.

जेट इंजिन आलं आणि जुनी सवय मोडली. पिस्टन इंजिनातली मोठी बेअरिंगं साधी असत. जाड तेलाच्या थरावर दांडा तरंगे आणि तेलही ढिगानं असे. जेटचा दांडा बॉल आणि रोलर बेअरिंगांवर फिरतो, मिनिटाला हजारो फेरे, आणि तेल त्या मानानं फार थोडं. वर आकाशात उणे पन्नास अंशांची थंडी, टर्बाइनशेजारी दोनशे अंशांच्या पुढची धग. इंजिन बंद केलं तरी टर्बाइनची उष्णता मागे झिरपत बेअरिंगकडे येते आणि उरलेलं तेल करपवते. खनिज तेल या दोन टोकांना पुरेना. जर्मनांनी युद्धकाळात एस्टर जातीच्या कृत्रिम तेलांवर काम केलं होतं. अमेरिकेनं 1951 मध्ये त्यांच्यासाठी लष्करी प्रमाणक ठरवलं, एमआयएल-एल-7808. गंमत अशी, की या पहिल्या तेलांचा एक मुख्य घटक सेबॅसिक आम्लापासून येई आणि ते आम्ल बनतं एरंडेलापासून. रोटरी इंजिनाबरोबर दारातून गेलेला एरंड जेटबरोबर खिडकीतून परत आला.

तेल थोडं, फट बारीक आणि वेग प्रचंड. मग धुळीचा एक कणही जड जाऊ लागला. सायकलच्या हबमध्ये वाळूचा कण गेला तर करकर होते. जेटच्या बेअरिंगमध्ये तोच कण रेसवर खरवड काढतो आणि थकव्याला जागा करून देतो. बेअरिंग धुण्याच्या खोल्या वेगळ्या झाल्या, त्या या काळात. अमेरिकी नौदलानं नुसत्या बेअरिंगांच्या देखभालीसाठी वेगळी पुस्तिका काढली. उघड्या हाताचं वैर इथलंच. घामातलं मीठ आणि आम्ल पोलादावर बसलं, की अंगठ्याचा ठसा जसाच्या तसा गंजून उठतो. जुन्या तपासनिसांना तर असे ठसे उमटलेल्या रेस ओळखीच्याच झाल्या होत्या. म्हणून हातमोजे आले आणि चुकून स्पर्श झालाच तर ठसा धुऊन काढायचं वेगळं द्रावणही आलं. चिंधीच्या जागी धागे न सोडणारं कापड आलं, नळीतल्या हवेच्या जागी गाळलेली कोरडी हवा. आणि त्या हवेनं बेअरिंग फिरवायचं नाही, कारण वंगण नसलेलं बेअरिंग झोतानं क्षणात हजारोंच्या वेगात जातं. रोलर कोरडे घासतात, त्यांना अंतरावर धरणारी चौकट म्हणजे केज फुटली तर तुकडे तोंडावर येतात. नव्या पोरांना तो सूंऽऽ आवाज फार आवडतो, आणि नेमका त्यासाठीच त्यांना ओरडा बसतो.

धुण्याचं द्रावणही बदलत गेलं. आधी रॉकेल आणि पांढरं स्पिरिट, मग क्लोरीनयुक्त द्रावकांची वाफ, नाजूक उपकरणांच्या बेअरिंगांसाठी सीएफसी-113 हे ओझोनला घातक द्रावक. ओझोनच्या थरासाठी 1987 मध्ये माँट्रियल करार झाला आणि 1996 पासून विकसित देशांत सीएफसीचं उत्पादन थांबलं, तेव्हा धुलाईच्या खोल्यांना पाण्यात मिसळणाऱ्या साबणांकडे वळावं लागलं. पाणी आलं की गंजाची भीती आली, म्हणून धुतल्यावर लगेच वाळवणं आणि लगेच संरक्षक तेलात बुडवणं अटीचं झालं.

इंजिन न उघडता बेअरिंगची नाडी बघता येईल का? याचं उत्तर रेल्वेवाल्यांनी दिलं. अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रांडे वेस्टर्न रेल्वेनं 1940च्या दशकात डिझेल इंजिनाचं वापरलेलं तेल जाळून त्याच्या प्रकाशातून धातू ओळखायला सुरुवात केली. 1950च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकी नौदलानं हीच युक्ती विमानांना लावली. तेलात लोखंड वाढलं तर रोलर किंवा रेस झिजतेय. चांदी वाढली तर केजवरचा चांदीचा मुलामा जातोय. यापेक्षा मोठे तुकडे पकडायला तेलाच्या वाटेत लोहचुंबकाचा बूच बसवतात, त्याला चिप डिटेक्टर म्हणतात. ठरलेल्या तासांनी तो काढायचा आणि त्याच्या टोकाला काय चिकटलंय ते भिंगाखाली बघायचं. नुसता काळा लगदा असला तर पुसून टाकायचा. चकाकणारी, कडा धारदार असलेली एकच कपची असली तरी थांबायचं.

कागदावर हे सोपं आहे. 9 मे 1987 रोजी वॉर्सॉहून न्यूयॉर्कला निघालेलं पोलिश एअरलाइन्सचं इल्यूशिन-62एम विमान काबाटीच्या जंगलात कोसळलं आणि 183 माणसं गेली. पोलिश तपासात सापडलं, की इंजिनातल्या दोन दांड्यांमधल्या बेअरिंगमध्ये 26 रोलर असायला हवे होते, तिथं 13च बसवले होते. निम्म्या रोलरांवर दुप्पट भार. त्यावर उपाय म्हणून तेल आत पोचावं यासाठी रेसला भोकं पाडलेली. त्या भोकांच्या कडेपासून तडे सुरू झाले, बेअरिंग फुटलं, दांडा तापून तुटला आणि टर्बाइनची चकती सुटली. बेअरिंगला तेल कमी पडतंय असं वाटून केलेला उपायच जिवावर बेतला.

31 जानेवारी 2000 ला अलास्का एअरलाइन्सच्या एमडी-83 विमानात गेलेली वस्तू बेअरिंग नव्हती, शेपटीची पट्टी वरखाली करणारा स्क्रू होता. पण गोष्ट ग्रीसचीच. वंगण द्यायची आणि झीज मोजायची मुदत वर्षागणिक वाढवत नेली होती. ढिगाऱ्यात सापडलेल्या स्क्रूच्या कामाच्या भागावर वंगण उरलेलंच नव्हतं, आणि ग्रीस आत जायच्या वाटेत वाळलेला गोळा बसलेला. 88 माणसं गेली.

हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्ये परिस्थिती आणखी नाजूक, कारण तिथं प्लॅनेट गिअरच्या, म्हणजे मधल्या गिअरभोवती फिरणाऱ्या छोट्या गिअरच्या, आतली बाजूच बेअरिंगची बाहेरची रेस असते. स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ 1 एप्रिल 2009 ला एक सुपर पुमा पडलं, 16 जण गेले. सात दिवस आधी, 25 मार्चला, चिप डिटेक्टरवर एक कण मिळाला होता. फोन आणि ई-मेलवर त्याविषयी बोलणं झालं, पण एकमेकांचं म्हणणं नीट पोचलं नाही आणि गिअरबॉक्सचा नेमका तो भाग उघडून बघितला गेला नाही. नॉर्वेत टुरयॉय बेटावर 29 एप्रिल 2016 ला त्याच घराण्यातलं दुसरं हेलिकॉप्टर पडलं, 13 जण गेले. या वेळी तडा रेसवरच्या सूक्ष्म खळग्यापासून निघून पृष्ठभागाच्या खालून वाढत गेला होता. कपच्या इतक्या कमी पडल्या, की डिटेक्टर शेवटपर्यंत गप्प राहिला. त्या जातीच्या हेलिकॉप्टरांना पुढं परवानगी मिळाली ती एकाच प्रकारचा प्लॅनेट गिअर वापरायच्या, तो लवकर बदलायच्या आणि तेलाची गाळणी वरचेवर उघडून बघायच्या अटीवर.

विमानाच्या चाकांचं काम चालतं त्या बाकावर मात्र जुनी पद्धत बरीचशी टिकून आहे. टायर बदलायला चाक उतरलं, की बेअरिंग धुवून बघतात. मोजा घातलेल्या तळहातावर ग्रीसचा गोळा घेतात, बेअरिंगची रुंद कड त्यात दाबून ओढतात, आणि रोलरांच्या मधून ग्रीस दुसऱ्या बाजूला वर येईपर्यंत तेच करत राहतात. आधी होतं तेच ग्रीस भरतात. मातीनं दाट केलेलं आणि साबणानं दाट केलेलं ग्रीस एकत्र आलं, तर दोन्ही पातळ होऊन ओघळू शकतात. शेवटी नट आवळताना चाक हातानं फिरवत राहतात. आधी जास्त आवळायचं, मग सैल करायचं, मग पुन्हा ठरलेल्या मापाला आणायचं. आवळण्याचा जोर मोजणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, हातात असतो, पण चाक फिरताना हाताला ते कसं लागतंय, हेही मनात टिपलं जातं.