दाखला नाही म्हणून शाळा नाही?

'जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला नसेल तर मुंबईत मुलाला शाळेत घेत नाहीत,' हा निरोप दर जूनमध्ये फिरतो. बांधकामावर राबणाऱ्या, गाव सोडून आलेल्या आईबापांना तो खरा वाटणं साहजिकच आहे, कारण बाकी सगळीकडे आधी कागदच मागतात.

पण 2009 चा शिक्षणहक्क कायदा (लागू 1 एप्रिल 2010 पासून) 6 ते 14 वर्षांच्या मुलांबाबत वेगळंच सांगतो. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं कलम 14 म्हणतं. सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत जाताना आधीच्या शाळेचा दाखला उशिरा आला तरी प्रवेश अडवता येत नाही. ते कलम 5. वर्ष सुरू झाल्यावर आलेल्या मुलालाही घ्यावंच लागतं, हे कलम 15 मध्ये आहे.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते कलम 4. दहा वर्षांचं मूल कधीच शाळेत गेलं नसेल, तरी त्याला पहिलीत नव्हे, वयाला साजेशा वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेला अभ्यास खास शिकवणीतून भरून काढायचा. खरी उणीव इथेच दिसते: वर्गात नाव लागतं, पण ही शिकवणी अनेकदा नीट होत नाही. पालकांनी तिच्याबद्दल आवर्जून विचारावं.

कायदा छोटा आहे, मराठीतही मिळतो. ही चार कलमं स्वतः वाचा. तरीही शाळेने नकार दिला, तर तो कारणासह लेखी मागा आणि वॉर्डातल्या शिक्षण विभागाकडे तक्रार द्या.