गांधीभोवती पेनाने एक रेघ

अंगावर पित्ताची गांधी उठली की तिच्या कडेकडेने पेनाने रेघ मारा आणि वेळ लिहून ठेवा. काही तासांनी पाहाल तर रेघ तशीच असते, आतली गांधी मात्र विरून गेलेली असते. एव्हाना मांडीवर किंवा पाठीवर दुसरी उठलेली असते. पित्ताची एकेक गांधी सहसा २४ तासांच्या आत मागमूस न ठेवता जाते. खाजेचे बाकीचे विकार असे जागा बदलत नाहीत. एक्झिमाची कातडी कोरडी, खरबरीत होऊन तिथेच राहते, नायट्याची कड हळूहळू पसरत जाते, तर खरजेची खाज रात्री वाढते आणि घरातल्या इतरांनाही लागते.

आपण सवयीने 'पित्त उठलं' म्हणतो, पण यकृतातल्या पित्ताचा किंवा पोटातल्या आम्लाचा याच्याशी काही संबंध नाही. सगळा खेळ त्वचेतल्या मास्ट पेशींचा आहे. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एरलिख यांनी १८७८ साली या पेशींना हे नाव दिलं. बारीक रक्तवाहिन्यांना लागून असलेल्या या पेशींत हिस्टामिनचे कण ठासून भरलेले असतात. पेशी चाळवली की ते बाहेर पडतात. मग रक्तवाहिन्या रुंदावून कातडी लाल होते, त्यांच्यातून पाणी झिरपून फुगवटा येतो आणि मज्जातंतू चेतवले जाऊन खाज सुटते. काही जणांच्या कातडीवर चमच्याच्या दांड्याने नुसती रेघ ओढली तरी पाच-दहा मिनिटांत ती दोरीसारखी वर येते.

पेशी चाळवते कशाने, हा प्रश्न माणसाला फार छळतो. अचानक उठलेलं आणि सहा आठवड्यांच्या आत थांबणारं पित्त बऱ्याचदा, विशेषतः मुलांमध्ये, सर्दी-तापाच्या विषाणूंमागून येतं. कधी एखादं अँटिबायोटिक कारणीभूत असतं, कधी अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी, तर कधी कीटकाचा दंश. खाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर ती बहुधा खाल्ल्यापासून दोन तासांच्या आत दिसते, आणि पुन्हा तोच पदार्थ खाल्ला की पुन्हा दिसते.

सहा आठवडे उलटूनही गांधी येतच राहिल्या, तर गोष्ट वेगळी. अशा रुग्णांमध्ये अनेकदा शरीराची स्वतःचीच प्रतिपिंडं (एरवी रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं) मास्ट पेशींना डिवचत असतात. अन्न हे त्याचं कारण क्वचितच असतं. तरीही माणसं आज अंडी सोडतात, उद्या दूध, परवा गहू. अ‍ॅलर्जीच्या लांबलचक तपासण्या करून घेतात आणि शेवटी अर्धपोटी राहून खाजवतच बसतात. हे पाहून जीव तुटतो. कारण सापडलं नाही तरी उपचार करता येतात, हे त्यांना कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं.

पहिलं औषध म्हणजे झोप न आणणारं अँटिहिस्टामिन: सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन यांपैकी एखादं. सेटिरिझिनने काहींना थोडी गुंगी येते. जुनाट पित्तात ही गोळी खाज सुटल्यावर घेण्याची नाही, रोज घेण्याची आहे. हिस्टामिनला पेशींवर जिथे चिकटायचं असतं ती जागा गोळीने आधीच अडवलेली बरी. एका गोळीने भागलं नाही तर डॉक्टर मात्रा चौपटीपर्यंत वाढवू शकतात. स्वतःच्या मनाने मात्र वाढवू नये. त्यानेही आटोक्यात येत नसेल, तर ओमालिझुमॅबचं इंजेक्शन आहे. स्टेरॉइडच्या मलमाचा गांधींवर फारसा उपयोग नाही आणि स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेणं धोक्याचं. गार ओल्या फडक्याने आराम पडतो, पण ज्यांना थंडीनेच गांधी उठतात त्यांनी ते टाळावं. कडकडीत पाण्याची आंघोळ आणि घट्ट कपडे यांनी खाज बळावते.

गांधींबरोबर जीभ किंवा घसा सुजला, आवाज बसला, श्वास लागला, चक्कर आली तर गोळीचा परिणाम होण्याची वाट बघू नका. ती अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र अ‍ॅलर्जी असू शकते. तिला लागतं मांडीत एपिनेफ्रिनचं इंजेक्शन, तेही ताबडतोब.

आणि ती पेनाची रेघ. दुसऱ्या दिवशीही गांधी रेघेच्या आत तशीच असेल, खाजेपेक्षा दुखतच जास्त असेल, जाताना काळानिळा डाग ठेवत असेल, तर रक्तवाहिन्यांचा दाह तपासावा लागतो. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत गांधी बहुधा मावळलेल्या असतात, म्हणून रेघेसकट फोटो काढून ठेवा: एक उठल्यावर, एक दुसऱ्या दिवशी.